पिसं उपटायचं मशीन कुणी निवडायचं?

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं, की वरणभात वाढेपर्यंत प्रश्न येतोच: "तू कुठल्या कंपनीत?" मी म्हणते, कंपनीत नाही. "मग कन्सल्टिंग?" तेही नाही. समोरच्या चेहऱ्यावर माझ्या व्हिसाची काळजी उमटते. एकदा वैतागून मी खरं काय ते सांगून टाकलं. "सध्या पक्ष्यांची पिसं उपटायचं मशीन निवडतेय." टेबलापलीकडच्या एका काकूंनी मला न विचारता आणखी कोशिंबीर वाढली.

हा लेख त्या मशीनबद्दल आहे. संपादक म्हणाले होते, अमेरिकेतल्या कामाचे अनुभव लिही, हलकंफुलकं चालेल. हलकंफुलकं मला येत नाही. नागपूरला कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. पत्रकाच्या कागदाला दोन बाजू असतात, मजकुराला एकच. ही सवय हाताला लागलेली आहे आणि ती लपवायचा माझा विचार नाही.

शिकागोत मास्टर्स केल्यावर मी कामगारांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले. संस्था म्हणजे तीन माणसं, एक झेरॉक्स मशीन आणि एका चर्चच्या तळघरातली खोली. जिथे युनियन नाही आणि कामावरच्या बायकांना इंग्रजी येत नाही, अशा ठिकाणी जाऊन बसायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं मालकाच्या कानावर घालायचं, हे आमचं काम. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, पण रागावण्यापुरतं भरपूर.

२००५ च्या उन्हाळ्यात मी मक्याच्या शेतांमधून दोन तास ड्राइव्ह करून एका शिकारी क्लबवर पोहोचले. बाहेरच्यांना सांगायला हवं, म्हणून सांगते. इथे फेझंट नावाचा पक्षी फार्मवर वाढवतात. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा श्रीमंत चुलतभाऊ, लांब शेपटी, तांब्याचा रंग. सीझनमध्ये सकाळी हे पक्षी गवतात सोडतात. डॉक्टर-वकील मंडळी नव्याकोऱ्या जाकिटात येऊन त्यांना बंदुकीनं टिपतात. याला शिकार का म्हणतात ते मला विचारू नका. टिपलेला पक्षी मेंबरला घरी न्यायचा असतो, साफ केलेला, पण कातडीसकट अख्खा, ओव्हनमध्ये भाजायला. बाकी ठिकाणी सरळ कातडी सोलून हातात देतात. या क्लबचं नाव होतं ते कातडी न फाटलेल्या पक्ष्यामुळे. आणि ती न फाटण्यामागे होत्या मागच्या शेडमधल्या आठ मेक्सिकन बायका.

त्या हातानं पिसं उपटत. एका पक्ष्याला पाव तास. मग दुसरा. मग तिसरा. सीझनमध्ये दिवसभर.

क्लबचा मालक डेल. त्यानं जूनमध्ये शेडच्या दारात उभं राहून जाहीर केलं होतं, की यंदा सीझनच्या आधी मशीन येणार, आठांपैकी तिघी राहणार, पाचजणींनी दुसरीकडे बघावं. बस. अकरा-अकरा वर्षं काम केलेल्या बायकांना एवढंच.

माझं रक्त उसळलं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'मशीन नको, काम हवं!' दुसऱ्या दिवशी गेटवर वाटलं. आठजणींतली सगळ्यात जुनी, लुपे, माझ्यासमोर उभी राहून ते शेवटपर्यंत वाचत होती. पन्नाशीची, माझ्या खांद्याएवढी, केस घट्ट बांधलेले. तिला सगळ्या 'दोन्या लुपे' म्हणत. दोन्या म्हणजे मान देऊन 'बाई'. ती मला पहिल्या दिवसापासून 'मिहा' म्हणायची, म्हणजे पोरी.

पत्रक वाचून तिनं घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा करंगळीपर्यंत न्यायला गेली. अर्ध्यात अडकला.

"हे वाचवायला निघालीस का, मिहा?"



"मला मशीन हवंय," ती म्हणाली. "सकाळी माझ्या सुनेला माझी बटणं लावावी लागतात. मशीन हवंच. पण आम्हांला घरी धाडणारं नको. आणि पक्षी फाडून वर दोन्या लुपेनं फाडला म्हणणारंही नको. असलं मशीन आण. कागद नको आणू."

गेटवर उभ्या उभ्या मला कळलं, की मी त्यांच्या तोंडी माझी घोषणा घातली होती. त्यांना विचारलंच नव्हतं. डेलनंही नव्हतं विचारलं. म्हणजे त्या बाबतीत आम्ही दोघं एका माळेचे मणी. ही लाज मी अजून विसरलेले नाही.

मशीनचं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी गेले सुधीरकाकांकडे. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. पिंपरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पर्चेसमध्ये काढली, आता काकूंसह मुलाकडे शॉमबर्गला. मुलगा-सून आयटीत, दिवसभर काही काम नाही, काका टीव्हीसमोर सुकत चाललेले. मी विषय काढला तसे ताठ बसले.

"तीन कोटेशन मागव."

"काका, पिसं उपटायचं मशीन आहे."

"असेना. तीन कोटेशन आल्याशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा घेतला नाही कधी. कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. तू भाषणं कर, हे मी बघतो."

आठवड्याभरात तीन कंपन्यांची माहितीपत्रकं घरी आली. मुलाच्या पत्त्यावर. सून म्हणाली, "बाबा, हे काय, चिकन फार्म काढताय?"

तीन जाती होत्या. पहिला टब: उभं पिंप, आतून रबरी बोटं, तळाची थाळी गरगर फिरते. पक्षी गरम पाण्यात बुचकळून डझनभर आत टाकायचे, अर्ध्या मिनिटात नागडे बाहेर. दुसरा ड्रम: आडवा रूळ, त्यालाही रबरी बोटं, ओला पक्षी हातात धरून त्यावर टेकवायचा. तिसरं कोरडं मशीन: पाणी नाही, फिरत्या दांड्यावर धातूच्या चकत्या, त्यांच्या फटीत पीस अडकून ओढलं जातं आणि मागचा पंखा ते पिशवीत खेचतो. यातही एका वेळी एकच पक्षी, हातात धरून.

काकांनी तक्ता केला. हॉर्सपॉवर, वजन, वॉरंटी, सुटे भाग, ताशी पक्षी. सगळ्याला गुण. टब पहिला आला, तोही भल्या मोठ्या फरकानं.

आता बघा निवडणारे कोण. काकांनी जन्मात मांसाला हात लावलेला नाही. माझा पक्ष्यांचा अनुभव सावजीच्या रश्श्यापाशी संपतो, आणि त्यातही पिसं दुकानदारानं काढलेली. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर, चहा पीत, ठामपणे निर्णय घेतला. मी दुसरं पत्रक लिहिलं: टब घ्या, आठहीजणींना ठेवा! या वेळी शहाणी होऊन आधी दोन्या लुपेकडे नेलं, सोबत टबचं माहितीपत्रक.

तिनं माहितीपत्रकातल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा पक्षी कुठला?"

"कोंबडी."

"आमच्याकडे कोंबड्या मारायला येतात का डॉक्टर लोक?"

तिनं आतून एक फेझंट आणला. डेलच्या रविवारच्या जेवणासाठी मारलेला. छातीची कातडी अंगठ्यानं ताणून धरली आणि दुसऱ्या हातानं दोन-तीन पिसं चिमटीत घेऊन, ज्या दिशेनं उगवतात त्याच दिशेनं, झटका दिला. स्वच्छ. मग पक्षी माझ्या हातात दिला. मी ओढलं. कातडी ओल्या टिश्यूपेपरसारखी फाटली.

"एक गेला," ती म्हणाली. "याला तर गोळीसुद्धा लागली नव्हती. शिकाऱ्याचा पक्षी येतो तेव्हा त्याला दहा भोकं असतात. छर्रा गेला तिथून फाटायला सुरुवात होते. म्हातारा नर चिवट, तरुण मादी कागद, लावा पक्षी तर एवढासा. विचार तुझ्या टबला, हे त्याला कळतं का."

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन गेले. माझी कल्पना होती, ते दारातूनच बघतील. दोन्या लुपेनं त्यांच्याही हातात पक्षी ठेवला. काकांनी डोळे मिटले, उघडले आणि अंगठ्यानं कातडी चाचपली.

"काका, सोवळं गेलं."

"पर्चेस ऑर्डरला सोवळं नसतं," ते म्हणाले. खिशातून तक्ता काढून त्यांनी त्यावर उभी रेघ मारली. "बावीस वर्षांत एकदाही मी मशीन चालवणाऱ्याला विचारलं नाही, मुक्ता. तक्त्यात तो कॉलमच नव्हता." घरी गेल्यावर काकूंनी त्यांना गॅरेजमध्येच थांबवलं. "आधी अंघोळ. मग बोला."

इथपर्यंत आम्ही सगळे चुकलो. इथून पुढे लढलो.

आमची मागणी एका ओळीची होती: मशीनची चाचणी शेडमध्ये, शिकारीच्या पक्ष्यांवर, आठजणींच्या हातांनी, त्या सांगतील ते मशीन घ्यायचं आणि कुणालाही काढायचं नाही. डेलच्या ऑफिसात मी ती वाचून दाखवली. तो खुर्चीत मागे रेलला.

"यंग लेडी, मी ट्रॅक्टर घेतो तेव्हा ट्रॅक्टरला विचारत नाही."

मी चिडून जे बोलले ते इथे छापलं जाणार नाही. दोन्या लुपेला मी भाषांतर करून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्याला सांगू नको आता. ज्यांचे पक्षी आहेत त्यांना सांग." आणि तिसरं पत्रक तिनं मला तोंडी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक. उद्गारचिन्ह नाही, शोषण नाही, संघर्ष नाही:

'यंदा तुमचा पक्षी फाटलेला मिळेल की अख्खा, हे शेडमधल्या आठजणी सांगू शकतात. त्यांना कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचाराल का?'

ऑगस्टमध्ये शनिवारी मेंबर नेमबाजीच्या सरावाला येत. आम्ही पार्किंगमध्ये उभ्या राहिलो, आठ बायका धुतलेल्या पांढऱ्या एप्रनमध्ये, मी जरा मागे. दोन्या लुपेनं सक्त ताकीद दिली होती, "तू ओरडायचं नाहीस." लोक कागद घेत, वाचत, हसत. एक म्हातारा सर्जन मात्र थांबला. त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. तिनं ओठ घट्ट मिटले. तो तडक डेलकडे गेला. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू आलं.

"डेल, विचारायला तुझं काय जातं?"

चाचणी ठरली, सीझनच्या दोन आठवडे आधी. डेलनं एक अट घातली: दिवस संपेपर्यंत बायकांना एकही मशीन पसंत पडलं नाही किंवा त्यांच्या पसंतीच्या मशीननं पक्षी फाडले, तर टब येणार आणि तिघीच राहणार. मी थोडा वेळ मागून घेणार होते. दोन्या लुपे पुढे झाली आणि इंग्रजीतला तिला येणारा एक शब्द म्हणाली. "ओके."

घरी जाताना गाडीत मी तिच्यावर चिडले. पाचजणींचं पोट पणाला लावलंस, म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते जूनपासूनच लागलंय, मिहा. आता निदान फासे आमच्या हातात."

तिन्ही कंपन्यांचा माल ठेवणारा विक्रेता ट्रकमधून मशीनं घेऊन आला. भला माणूस, सतत हसरा. सोबत बर्फाच्या पेटीत स्वतःचे पक्षीही आणलेले, गुबगुबीत कोंबड्या. दोन्या लुपेनं ती पेटी पायानं बाजूला सारली आणि आपला क्रेट पुढे ओढला. कुत्र्यांच्या सरावासाठी त्याच सकाळी टिपलेले पक्षी. तिनं ते निवडले होते सगळ्यात वाईट बघून: पाठीत छर्ऱ्यांची चाळण झालेला म्हातारा नर, तरुण माद्या, लावे आणि एक रानबदक.

पहिला टब. पाणी तापलं, पक्षी बुचकळले, आत पडले. आवाज असा, की पत्र्याच्या छपरावर नारळ पडतायत. अर्ध्या मिनिटात बाहेर. एका मादीची छाती उघडी, नराच्या पाठीची लक्तरं, एक तंगडी मोडलेली.

"पाणी जास्त गरम झालं," विक्रेता म्हणाला. खोटं नव्हतं ते. परत केलं, थर्मामीटर लावून. एक मादी सुंदर निघाली, खरंच सुंदर. बाकी छर्ऱ्यांच्या भोकांपासून फाटल्या. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या. दोन्या लुपेच्या चेहऱ्यावर काही नाही.

ड्रमवर बदक उत्तम झालं. नर बराच बरा. पण लावा हातातून निसटून पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला. कुणीतरी खुदकन हसलं. डेलनं घड्याळ बघितलं.

मग कोरडं मशीन. दोन्या लुपे पुढे सरली, तरुण मादी उचलली, चकत्यांपाशी धरली. पिसं धुरासारखी आत ओढली गेली. आणि कातडी फाटली.

फाटली. तिच्या हातानं.  डेल हात बांधून उभा राहिला. तिनं दुसरी मादी घेतली. तीही मानेपाशी फाटली.  तिसरं पत्रक, सर्जन, पांढरे एप्रन, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात माझ्यासोबत आलेले सुधीरकाका खाली बसले. सुटाच्या पँटचे गुडघे सरळ ओल्या पिसांत. खिशातून टेप काढून त्यांनी जमिनीपासून दोन्या लुपेच्या कोपरापर्यंत माप घेतलं, मग जमिनीपासून चकत्यांपर्यंत.

"हे मशीन सहा फुटी माणसासाठी उभं केलंय," ते मला मराठीत म्हणाले. "बाईंचा कोपर खांद्याच्या वर जातोय. अंगठ्यानं कातडी ताणणार कशी? स्टँड वीतभर कापा."

मी भाषांतर केलं. विक्रेत्याचं हसू पहिल्यांदा मावळलं. "स्टँड कापलं तर वॉरंटी जाईल."

"वॉरंटी मी वाचलीय," काका आपल्या पिंपरीच्या इंग्रजीत म्हणाले. "दोनदा. त्यात मोटर आहे, दांडा आहे, पंखा आहे. स्टँड नाही. आज कापू नका, नंतर कापू. आत्ता बाईंना उंच करा."

दोन रिकामे क्रेट उलटे करून त्यावर फळी टाकली. दोन्या लुपे चढली. आता चकत्या तिच्या पोटाच्या रेषेत आल्या. तिनं तिसरी मादी घेतली, अंगठ्यानं कातडी ताणली, पीस उगवतं त्या दिशेनं हळूच फिरवली. छाती, बाजू, पाठ, मान. मशीन बंद केलं आणि पक्षी टेबलावर ठेवला.

अख्खा. एक ओरखडा नाही.

मग तिनं तो चाळण झालेला म्हातारा नर उचलला. भोकांच्या भोवती बोटांनी कडं केलं, तेवढा भाग सोडून बाकीचा मशीनवर घेतला, आणि सोडलेली मूठभर पिसं शेवटी हातानं काढली. तोही अख्खा. मग बाकीच्या सातजणी एकेक करून फळीवर चढल्या. दोघींना जमायला वेळ लागला, एकीला आवाज सहन झाला नाही. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलावर अख्ख्या पक्ष्यांची ओळ लागली होती. प्रत्येकाला पाव तासाऐवजी दोन-तीन मिनिटं.

डेल वाकून एकेक बघत गेला. चांगलं काम त्याला कळत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी म्हणालाच, "पण टब एका वेळी डझनभर करतो."

मी इंग्रजीतलं स्पॅनिशमध्ये सांगितलं. दोन्या लुपेनं पलीकडच्या टेबलावरच्या लक्तरांकडे हात केला.

"डझनभर काय?"

विक्रेता पहिला हसला. मग डेल. मग सगळी शेड.

त्याच दुपारी मी कागदावर लिहून घेतलं, कारण हसण्यावर माझा विश्वास नाही. दोन कोरडी मशीनं, स्टँड कापून. दोघी मशीनवर, बाकीच्या सफाई आणि शेवटच्या हातावर, तासातासानं पाळी बदलायची म्हणजे कुणाचंच मनगट झिजणार नाही. पिसांची पिशवी शेडच्या बाहेर, म्हणजे धूळ आत नाही. नाकाला मास्क, कानांत बोळे. कुणालाही काढायचं नाही. डेलनं सही केली आणि पेन मला न देता दोन्या लुपेला दिलं.

सगळंच गोड झालं असं नाही. जिला आवाज सहन झाला नव्हता ती नाताळाच्या आधी स्वतःहून गेली, कानांत बोळे घालूनही तिचं डोकं दुखायचं. तिच्यासाठी आणखी काही करता आलं असतं का, हे मला अजून टोचतं. आणि दोन्या लुपेचा अंगठा परत आला नाही. सर्जननं फुकट तपासला आणि सांगितलं, चार वर्षं आधी यायला हवं होतं. चार वर्षं आधी मी नागपुरात चौकाचौकांत जगातल्या कामगारांना एक व्हायला सांगत होते.

पण त्या सीझनला क्लबमधून एकही फाटलेला पक्षी परत आला नाही आणि शेडमधून एकही बाई घरी धाडली गेली नाही. जिंकणं यालाच म्हणतात. आमच्या कामात ते इतक्या क्वचित घडतं, की मी ते कुणाच्याही घरी, कोशिंबिरीसकट, सांगते.

पुढच्या वसंतात त्या विक्रेत्याचा फोन आला. आयोवाच्या सीमेजवळच्या एका फार्मला मशीन घ्यायचं होतं आणि कुठलं घ्यावं ते ठरत नव्हतं. त्याला सल्लागार हवा होता, दिवसाची फी देऊन. मी तो निरोप दोन्या लुपेला पोहोचवला. सुधीरकाकांनी गाडी काढली, मी मागे बसले, दोन्या लुपे पुढे.

फार्मचा मालक अंगणात उभाच होता. काकांचा कोट बघून हात पुढे करत त्यांच्याकडे आला. काकांनी त्याचा हात तसाच हवेत राहू दिला आणि बाजूला सरकून दोन्या लुपेकडे बोट दाखवलं. तो गोंधळून तिच्याकडे वळला आणि मशीन कुठं ठेवणार ती जागा दाखवायला लागला.

दोन्या लुपेनं जागेकडे बघितलंही नाही. ती त्याच्या शेजारून शेडच्या दारापर्यंत गेली, आत डोकावली आणि मला म्हणाली, "मिहा, याला सांग, जागा नंतर. आधी आतल्या बायकांना बाहेर बोलाव. मला त्यांच्याशी बोलायचंय."